संगणकाचे बिऱ्हाड हलवताना



शिक्षकाची बदली झाली म्हणजे भांडीकुंडी, अंथरुणे, पुस्तके सारे बंडीत चढते. नव्या गावी पोचल्यावर मात्र आठवते की, कोनाड्यातली किल्ली तिथेच राहिली! संगणकाचे बिऱ्हाडही असेच असते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे शाळांतून, कचेऱ्यांतून, छपाईच्या दुकानांतून नवी प्रणाली बसवण्याची वेळ आली आहे. अशा वेळी काय जपावे, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

वडशाला राहून मी कित्येक वर्षे झाडीबोलीतले शब्द टिपत होतो. काही धानाच्या बांधीवरचे, काही मंडईतले, काही रात्रभर चालणाऱ्या नाटकातले. एकदा संगणक फार मंद चालू लागला, म्हणून दुरुस्तीला नेला. कारागिराने विचारलं, "सर, यात कामाचं काही आहे का?" मी ऐटीत म्हणालो, "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे. सी खुशाल पुसा."

घरी येऊन पाहतो तो कॉलेजची टिपणे जागच्या जागी. शब्दांची वही मात्र गायब! ती डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप डोळ्यांसमोर दिसतो खरा, पण त्याचे घर सी ड्राइव्हमध्येच, 'यूजर्स' या फोल्डरात असते. दोष कारागिराचा नव्हता, माझ्या उत्तराचा होता.

पेनड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वीची एक प्रत सापडली. उघडली, तर रोमन अक्षरांची नुसती खिचडी! कारण काय? जुन्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसवलेली असते. फाँट गेला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. तोच फाँट पुन्हा बसवला, आणि शब्द परत आले. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून असा घोटाळा होत नाही. जुनी कागदपत्रे सवडीने युनिकोडमध्ये आणावीत, ती याचसाठी.

तर मग बंडी भरण्याआधी काय करावे?

पहिले, कारागिराला स्पष्ट विचारा: नवी प्रणाली जुनीवर चढवणार, की सारे पुसून बसवणार? चढवली तर फाइली बहुधा राहतात. पुसली तर जातात. प्रत मात्र दोन्ही वेळी काढावी.

दुसरे, 'यूजर्स'मधला आपल्या नावाचा फोल्डर पुरता उचला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, चित्रे सारे त्यात येते. 'ॲपडेटा' नावाचा फोल्डर लपलेला असतो. अनेक प्रोग्रॅमांच्या आवडीनिवडी त्यात राहतात. फाँट वेगळे घ्या. ब्राउझरमधल्या खुणा आणि पासवर्ड यांचीही आठवण ठेवा. प्रोग्रॅम नुसते उचलून नेता येत नाहीत, ते पुन्हा बसवावे लागतात. म्हणून त्यांची यादी आणि परवान्याचे क्रमांक वहीत लिहा.

तिसरे, प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर दहापाच फाइली उघडून बघा. न उघडलेली प्रत म्हणजे न पाखडलेले धान. दाणा किती नि फोल किती, कोण सांगणार? मग ती डिस्क काढून ठेवा, आणि त्यानंतरच काम सुरू करू द्या.

काही वेळा 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात जुने सामान शिल्लक राहते. पण साधारण दहा दिवसांनी प्रणाली ते आपोआप काढून टाकते. त्याच्या भरवशावर राहू नये.

शेवटच्या दोन वर्षांचे शब्द माझ्या हाती पुन्हा आले नाहीत. त्यांतले बरेचसे एका आजींनी सांगितले होते. पुन्हा विचारायला गेलो, तर घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, "आजी गेल्या, सर."

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याही संगणकात अशी एखादी वही असेल. तिची प्रत आजच काढा.