निवड आधी, रंग नंतर
(तासगाव येथील छायाचित्रकार संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



 अध्यक्षीय भाषणात व्यवसायापुढच्या अडचणी मोजून दाखवायची रीत आहे. पडलेले दर, मोबाइल, प्री-वेडिंगची वाढती हौस, हे सगळं आपण चहाच्या टपरीवरही बोलतो. आज मी एकाच कामाबद्दल बोलणार आहे. कार्यक्रम आटोपून कार्ड खिशात टाकून आपण घरी येतो, तिथपासून पार्टीच्या हातात अल्बम पडेपर्यंतचं काम. या कामात सर्वांत मोठी गोष्ट निवड आहे असं माझं ठाम मत आहे. आणि तीच आपण सर्वांत शेवटी, सर्वांत घाईत उरकतो. पुष्कळदा तर पेनड्राइव्ह देऊन पार्टीवरच सोपवतो.

साधा हिशेब करू. हळद आणि लग्न मिळून दोन कॅमेऱ्यांवर 3,000 फोटो सहज होतात. प्रत्येक फोटोच्या एडिटिंगला एक मिनिट धरलं तर 3,000 मिनिटं, म्हणजे 50 तास. ऐन लग्नसराईत हे 50 तास आणायचे कुठून? मग आपण जागरणं करतो, किंवा सगळ्या फोटोंना एकच प्रीसेट मारून मोकळे होतो. आता त्याच 3,000 फोटोंवर आधी एकेक सेकंद नजर टाका. 50 मिनिटं लागतील. त्यातून 400 फोटो ठेवले आणि मग त्यांना प्रत्येकी एक मिनिट दिलं, तर ते काम पावणेसात तासांच्या आत संपतं. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच. फक्त कामाचा क्रम बदलला.

हा क्रम आपल्या पूर्वसुरींना शिकवावा लागला नाही, कारण साधनांनीच तो त्यांच्यावर लादला होता. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार. तेव्हाच्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतायचं, ते वाळायच्या आत काच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. एका फोटोमागे एवढे कष्ट असताना निवड भिंगाचं झाकण उघडण्याआधीच होत असे. पुढे 120 चा रोल आला, त्यात 6 बाय 6 चे बारा फोटो; मग 35 मिलिमीटरचा छत्तीसचा रोल. आपल्यातल्या ज्येष्ठांनी याशिकावर बारा फोटोंत अख्खं लग्न बसवलेलं आहे. डिजिटलमध्ये ती मर्यादा गेली. निवड करण्याची गरज मात्र गेली नाही. ती शटरच्या आधीची होती, ती शटरच्या नंतर आली. हा बदल आपण पुरता ओळखलेला नाही.

जगातलं एक उदाहरण सांगतो. रॉबर्ट फ्रँक हा छायाचित्रकार गुगनहाइम शिष्यवृत्ती घेऊन 1955 पासून अमेरिकाभर मोटारीने फिरला. त्याने सुमारे 27,000 फोटो काढले आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात 83 घेतले. ते पुस्तक 1958 साली आधी पॅरिसमध्ये निघालं. आज छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचं जे स्थान आहे ते त्या 83 फोटोंमुळे आहे. उरलेले फोटोही त्याच माणसाने, त्याच नजरेने काढले होते. पण त्या 83 वर थांबायला फोटो काढण्याइतकंच बळ लागलं असणार. आपल्याकडे संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक जरूर बघा, आणि एका पानानंतर दुसरं पान तेच का ठेवलं असेल, हा प्रश्न मनात ठेवून बघा.

तासगावात उभं राहून हे सांगायला मला द्राक्षबागेखेरीज दुसरी उपमा सुचत नाही. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड दिसू लागले की आपण आनंदात सगळे घड ठेवतो का? जादा घड काढतो, मग उरलेल्या घडातल्या मण्यांची विरळणी करतो. हात जड होतो, तरी कात्री चालवतो, कारण गर्दी ठेवली तर एकही मणी फुगणार नाही हे ठाऊक असतं. या तालुक्याचं नाव घेऊन देशभर गेलेली तास-ए-गणेश ही जातसुद्धा थॉम्पसन सीडलेसच्या वेलींतून निवडूनच काढलेली आहे. ज्या गावाला निवडीचं मोल इतकं कळतं, त्या गावच्या अल्बममध्ये एकाच पोजचे सहा फोटो नसावेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे. आधी रॉबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलबद्दल, थोडं, कारण अजूनही काही मित्र फाइल मोठी होते म्हणून जेपीईजीवरच काम करतात. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. 14 बिटच्या रॉमध्ये त्या 16,384 असतात, आणि त्यातल्या निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये असतात. शिवाय सेन्सरला उजेड कमी मिळाला की दाणे वाढतात. म्हणून अंधारात घेतलेला फोटो नंतर उजळवला की दाणे उठतात, आणि हायलाइट न जाळता थोडा उजळ घेतलेला फोटो नंतर खाली आणला तर स्वच्छ राहतो. सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू एकच रंग टिपतो. दोन हिरवे, एक लाल, एक निळा अशी बहुतेक कॅमेऱ्यांतली ती जाळी कोडॅकच्या ब्राइस बायरची, 1976 च्या पेटंटची. उरलेले रंग सॉफ्टवेअर हिशेबाने भरतं. व्हाइट बॅलन्स रॉमध्ये पक्का झालेला नसतो, ती नुसती सोबत ठेवलेली नोंद असते. त्यामुळेच तो नंतर बदलता येतो.

याचा अर्थ काय, ते आपल्या रथोत्सवातच बघा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीचा रथ निघतो. आभाळ बहुधा भाद्रपदाचं, ढगाळ. मागे सात मजली गोपुर, पुढे दोरखंडाला भिडलेली माणसं, आणि हवेत गुलाल. स्क्रीनवर एक्स्पोजर अगदी बरोबर दिसतं, घरी आल्यावर मात्र गुलालाच्या जागी सपाट गुलाबी डाग. असं होतं, कारण गुलालात लाल रंगाचा भाग इतर दोन्हींच्या आधी भरून वाहतो आणि नुसता पांढरा हिस्टोग्राम ते सांगत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, लाल उजवीकडच्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा. तो हिस्टोग्रामही रॉचा नसतो, रॉच्या पोटातल्या जेपीईजीचा असतो. तिथे व्हाइट बॅलन्ससाठी लाल रंग आधीच वाढवलेला असतो. म्हणून स्क्रीनवर जळालेला दिसणारा लाल पुष्कळदा रॉमध्ये शाबूत निघतो. अशा फोटोत सॅच्युरेशनचा स्लायडर ओढू नका. आधी एक्स्पोजर खाली घ्या, मग हायलाइट, आणि मग फक्त लाल-गुलाबीचा उजेड कमी करा. गुलालाचा कण न् कण सुटा होतो, त्यातून माणसाचा चेहरा बाहेर येतो. जेपीईजीवर हे होत नाही. तिथे कण उरलेलेच नसतात.

रॉच्या पोटातल्या त्याच जेपीईजीचा दुसरा उपयोग निवडीला होतो. पूर्ण रॉ उलगडेपर्यंत थांबत बसू नका. फोटो मेकॅनिकसारखं सॉफ्टवेअर हीच जेपीईजी दाखवतं, म्हणून ते झरझर पुढे जातं. लाइटरूममध्येही आयात करताना तोच प्रीव्ह्यू निवडता येतो. कॅप्स लॉक चालू ठेवा, म्हणजे खूण केली की पुढचा फोटो आपोआप येतो. ज्यांना मासिक वर्गणी परवडत नाही त्यांच्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत आणि उत्तम आहेत. चोरीची प्रत वापरून आपण आपल्या फोटोंवर हक्क सांगावा, हे मला पटत नाही.

पहिल्या फेरीत झूम करायचं नाही, मागे जायचं नाही, रंगाला हात लावायचा नाही. मनाने एकच उत्तर द्यायचं, ठेवायचा की नाही. वाईट फोटो शोधून काढत बसू नका, चांगला दिसला की त्याला खूण करा. दोन्ही कामं सारखी वाटतात, पण नजर वेगळी लागते. वाईट शोधणारा माणूस मधले शेकडो ‘बरे’ फोटो ठेवून देतो आणि अल्बम त्या बऱ्या फोटोंखाली दबतो.

दुसरी फेरी शेजारी-शेजारी ठेवून. इथे घाई नको. अंतरपाट खाली आला आणि अक्षता पडल्या, त्या चार-पाच सेकंदांचे तुमच्याकडे वीस फोटो आहेत असं धरा. एकात नवरा-नवरी दोघंही स्वच्छ, पण अक्षता अजून लोकांच्या मुठीतच. एकात अक्षता हवेत भरून आल्यात, पण एक दाणा नेमका नवरीच्या डोळ्यावर. एकात नवरीने मान किंचित वळवली आहे, नवऱ्याचा चेहरा मुंडावळ्यांत निम्मा झाकला आहे, आणि मागे उभ्या मामाचे डोळे भरलेत. पार्टी पहिला मागेल, स्पर्धेचा परीक्षक कदाचित दुसरा उचलेल. मी तिसरा मोठा लावीन, पहिला त्याच्याजवळ छोटा ठेवीन, आणि उरलेले अठरा बाजूला काढीन. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरं डोळे मिटलेले आणि हललेले फोटो आपोआप वेगळे करतात. हललेल्यांपुरती त्यांची मदत घ्यावी. पण पाठवणीच्या वेळी डोळे घट्ट मिटून उभा राहिलेला बाप त्या यंत्राच्या लेखी चुकलेला फोटो असतो. तो ओळखायला आपणच लागतो.

निवड संपली की मगच रंग. उरलेले फोटो वेळेप्रमाणे लावण्याऐवजी उजेडाप्रमाणे गटात लावा. मांडवातली हळद एक गट, हॉलमधले विधी दुसरा, स्टेजवरचा एलईडी तिसरा, रात्रीची वरात चौथा. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करा आणि तेच सेटिंग गटाला द्या. प्रत्येक उजेडात सुरुवातीला एकदा ग्रे कार्ड धरून फोटो घेतला असेल तर निम्मं काम तिथेच होतं. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स ठेवू नका. चौकटभर पिवळा दिसला की कॅमेरा तो मारायला निळा ओततो, आणि प्रत्येक फोटोत वेगळा ओततो. केल्विनचा आकडा बांधून टाका. सगळे फोटो एकाच चुकीने चुकले तरी एका क्लिकमध्ये सुधारतात.

आणि इथे एक आग्रहाची विनंती. चेहरा गोरा करण्याचं बंद करूया. उन्हात राबणाऱ्या घरातल्या मुलीचा सावळा वर्ण हा दोष नाही. रॉ आपल्याला त्वचेचा खरा रंग सोळा हजार पायऱ्यांत देतो आणि आपण एका स्लायडरने तो पुसून तिला कुणीतरी दुसरीच करतो. पार्टी मागते, हे खरं. पण एकदा योग्य व्हाइट बॅलन्सचा, चेहऱ्यावर मऊ उजेड पडलेला फोटो मोठा करून दाखवा. पुरळ झाका, थकवा थोडा हलका करा, वर्णाला हात लावू नका.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. तळमजल्यावरच्या दुकानात ठेवलेली हार्ड डिस्क किती सुरक्षित असते, हे या जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. सांगलीच्या मित्राने आपली एक डिस्क तासगावात ठेवावी, तासगावच्याने आपली विट्यात. दोन प्रती होऊन उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये. निवड आधी केली की हे ओझंही हलकं होतं. 24 मेगापिक्सेलची एक रॉ साधारण 25 ते 30 एमबीची. अशा 3,000 फाइली म्हणजे 75 ते 90 जीबी. अल्बम दिल्यावर काही महिन्यांनी निवडलेल्या रॉ कायम ठेवाव्यात आणि बाकीच्या, पार्टीला आधी सांगून, काढून टाकाव्यात.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. दरवर्षी रथोत्सवाला आपल्यापैकी बरेच जण फोटो काढतात, सोशल मीडियावर टाकतात आणि महिन्याभरात ते हरवतात. यंदापासून प्रत्येकाने आपले फक्त बारा फोटो तालुक्याच्या संग्रहाला द्यावेत. बाराच, तेराव्याला जागा नाही. मूळ रॉ, सोबत तयार जेपीईजी, आणि फाइलमध्येच देवनागरीत लिहिलेली ओळ: तारीख, ठिकाण, फोटो कुणी काढला आणि त्यात काय चाललं आहे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतील. आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या स्टुडिओतल्या निगेटिव्ह पेटीत पडून आहेत, त्यांनी बुरशी खायच्या आत त्या बाहेर काढाव्यात. लाइट बॉक्सवर ठेवून मॅक्रो लेन्सने त्यांचे रॉमध्ये फोटो घेता येतात. ज्यांच्याकडे लेन्स नाही त्यांना ती द्यायला मी आणि आणखी काही मित्र तयार आहोत. दाराशी टेबलावर नोंदवही ठेवली आहे. जेवणाआधी तीत आपलं नाव, गाव आणि पेटीत अंदाजे कोणत्या सालापासूनच्या निगेटिव्ह आहेत एवढं लिहून जावं, म्हणजे पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी आधी यायचं ते ठरवता येईल.