परक्या मांडवात
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘उद्योगातील अनुभव’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आणि पलीकडे तांबडा-पांढरा तयार, म्हणून एकच गोष्ट सांगतो. वर्षातून एकदा तरी आपल्या धंद्याशी संबंध नसलेल्या प्रदर्शनाला जावे.

माझी फौंड्री लहान आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या बऱ्याच जणांसारखे आमचेही काम गाड्यांच्या सुट्या भागांचे. आता विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांना इंजिनच नाही, म्हणजे ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही. मग आम्ही ओतायचे काय? आमच्या धंद्याच्या प्रदर्शनात सगळे एकमेकांना हेच विचारतात. तिथे उद्यमनगरचीच माणसे भेटतात, चहा होतो, भट्टीच्या लाईट बिलावर चर्चा होते आणि रात्रीच्या गाडीने सगळे परत. तो चहा इथेही मिळतो की!

म्हणून मी पुण्याजवळ मोशीला, डिसेंबरात भरणाऱ्या ‘किसान’ प्रदर्शनाला जाऊ लागलो. शेती माझ्या भावाकडे. मला उसातले फारसे कळत नाही. पण पंप, कडबाकुट्टी, पॉवर टिलर, जिकडे बघावे तिकडे ओतीव लोखंड. एका स्टॉलवर मी विचारले, “यातले मोडून परत काय येते?” विकत काय मिळते हे सगळेच विचारतात, मोडते काय हे कोणी विचारत नाही. त्या गृहस्थांनी टेबलाखालून तडकलेले गिअर हाउसिंग काढून दाखवले. कोपऱ्यात जाडी एकदम बदलली होती. अशा जागी लोखंड थिजताना आकसते आणि आत पोकळी राहते. कोपऱ्याला गोलाई द्या, पॅटर्न थोडा बदला, एवढेच मी सांगितले. आमच्या प्रदर्शनात हे सांगणारे शंभर निघाले असते, तिथे मी एकटाच होतो. आज ते हाउसिंग आमच्याकडे ओतले जाते. काम फार मोठे नाही, पण त्याला डिझेल-विजेच्या भांडणाशी देणेघेणे नाही.

एक सूचना. शेवटच्या दिवशी दुपारी जावे. गर्दी ओसरलेली असते, स्टॉलवरची माणसे कंटाळलेली असतात आणि मनापासून बोलतात.

कोल्हापूरला हे नवीन नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. सिनेमा हा त्यांचा धंदा नव्हे. पण ते तिकडे वळले, जुना प्रोजेक्टर आणून यंत्र समजून घेतले आणि स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ साली गेले. कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. पडदे रंगवणाऱ्यांतच ते बसून राहिले असते तर आपल्या गावाला चित्रनगरी कोण म्हणाले असते?

आपल्या वर्गातल्या गुऱ्हाळवाल्यांना मुद्दाम सांगतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गुळव्या मिळत नाही, दर परवडत नाही म्हणून गुऱ्हाळे बंद पडताहेत. तुम्ही सौद्याला जाता, ऊस परिषदेला जाता. बेकरीवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या प्रदर्शनाला कधी गेलात का? तीस किलोचा रवा त्यांच्या मुदपाकखान्यात कोण फोडत बसणार? त्यांना पावडर हवी की काकवी, केवढ्या पॅकिंगमध्ये हवी, हे मार्केट यार्डातला अडत्या सांगणार नाही. त्याला ते ठाऊक असायचे कारण नाही.

मुली म्हणतील, आमचे काय? आपल्यातल्या दोघीतिघी शिवणकाम करतात. त्यांनी दवाखान्यांच्या सामानाचे प्रदर्शन एकदा पाहावे. गाऊन, चादरी, पट्टे, सगळे कोणीतरी शिवतेच.

यंदा डिसेंबरात मी मोशीला जाणार आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. पहाटे पाचला भगव्या चौकातून निघू. ज्यांना यायचे त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला सांगा. डिझेलचे पैसे मागणार नाही, पण वाटेतला नाष्टा तुमच्याकडे.