गोपनीयता हवी की मालिका?



परदेशातील मराठी कुटुंबाला भारतापुरतीच दाखविली जाणारी मालिका पाहावयाची असते. त्यासाठी व्हीपीएन घेतले जाते. घरचा संपर्क कूटबद्ध होऊन कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातो. मालिका दाखविणाऱ्या सेवेला त्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो. तो भारतीय हवा, आणि पेच येथेच पडतो.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या शासकीय संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना निर्देश दिला : ग्राहकाचे नाव, पत्ता व आयपी क्रमांक त्याने सेवा सोडल्यावरही पाच वर्षे जपावेत. राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी गुन्हेगाराचा माग हवाच. एक्स्प्रेसव्हीपीएनने मात्र जून २०२२ मध्ये भारतातील सर्व्हर हटवून भारतीय पत्ते सिंगापूर व ब्रिटनमधून पुरविले.

तरीही अडचण उरतेच. एका पत्त्याआड असंख्य ग्राहक असतात. त्या गर्दीतच व्यक्ती झाकली जाते. पण ती गर्दी ओळखूनच अनेक सेवा दार लावून घेतात. स्वतंत्र पत्ता विकत घेतल्यास दार उघडण्याचा संभव वाढतो, मात्र तो एकाच ग्राहकाशी बांधला जातो. मालिकेसाठी एवढे मोल द्यावे काय, हे घरातील कर्त्यांनी ठरवावे. बँकेचे व्यवहार व कौटुंबिक पत्रव्यवहार यांचा मार्ग वेगळा ठेवता येतो. फुकटच्या व्हीपीएनवर मात्र दोन्हीही नकोत.