निळ्या रंगातली मेग

मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी १९६२ साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. चिडकी, चष्मा लावणारी मेग हरवलेल्या वडिलांच्या शोधात धाकट्या भावाला घेऊन परग्रहांवर जाते, अशी ही गोष्ट. २०१२ मध्ये, कादंबरीच्या पन्नाशीला, होप लार्सन यांनी तिची चित्रकादंबरी केली.

पुस्तक चांगलं जाडजूड आहे, जवळपास चारशे पानांचं. रंग मात्र काळा, पांढरा आणि निळा, एवढेच. मला हा निर्णय फार पटतो. वादळी रात्र काय, अवकाशातला काळोख काय, त्या निळ्या छटेत सगळं शोभून दिसतं.

कॅमाझॉट्झ ग्रहाचंच पाहा. तिथे घरोघरी मुलं एकाच तालात चेंडू आपटतात, मुली एकाच तालात दोरीवरच्या उड्या मारतात. एकाच मुलाचा ताल चुकतो, आणि त्याची आई घाबरीघुबरी होऊन त्याला घरात ओढते. असा प्रसंग चित्रात लगेच अंगावर येतो.

कठीण असतं ते मनातलं. कादंबरीत मेगचा राग, तिची धास्ती परिच्छेदभर सांगता येते. इथे बरीचशी भिस्त चेहऱ्यावर आणि खांद्यांच्या ठेवणीवर. लार्सन यांनी ती नेमकी पकडली आहे.

२०१३ मध्ये या पुस्तकाला किशोर वाचकांसाठीचा आयस्नर पुरस्कार मिळाला. इंग्रजी वाचणारं मूल घरात असेल, तर त्याला हे पुस्तक जरूर मिळवून द्या, आणि पाठोपाठ मूळ कादंबरीही.