जमा आणि नावे
(मुळशी तालुक्यातील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला की कोणी तरी उपदेशाचे दोन शब्द बोलावेत, असा आपल्या मेळाव्याचा प्रघात आहे. यंदा तो मान कार्यकारी मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. तथापि उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. मी केवळ एक जुना हिशेब आपल्यापुढे मांडणार आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्य-राष्ट्रांनी सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली आणि ती गाठण्यास सन २०३० ही मुदत घातली. त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. दारिद्र्य नाहीसे व्हावे, कोणी उपाशी राहू नये, शुद्ध पाणी व स्वच्छ ऊर्जा सर्वांस मिळावी, विषमता घटावी, वने आणि नद्या टिकाव्यात, अशी ती ध्येये आहेत; आणि कोणालाही मागे ठेवावयाचे नाही, अशी त्यांमागील प्रतिज्ञा आहे. आज सत्कार झालेल्या मुलांपैकी कित्येकांना ती क्रमवार पाठ असतील. परंतु एक ध्येय दुसऱ्याच्या आड आले, तर कोणी कोणासाठी सरावे, हे पाठांतराने कळत नाही. ते कळण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. आपल्या धरणाच्या काठी उभे राहिले म्हणजे पुरे.

नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा मावळातील सुमारे ५० गावांच्या जमिनींवर पाणी येणार होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्या लढ्याशी कायमची जोडली गेली आहेत. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. लढा १९२४ पर्यंत चालला. सत्याग्रही तुरुंगात गेले. तरीही धरण झाले. पूर्वेकडे भीमा-कृष्णेला जाणारे पाणी पश्चिमेकडे वळले, सह्याद्रीवरून कोकणात भिरा येथे उतरले, आणि १९२७ पासून त्याची वीज मुंबईला जाऊ लागली.

ही वीज वाईट होती काय? प्रामाणिकपणे बोलावयाचे तर, नाही. पाण्याची वीज येण्यापूर्वी मुंबईच्या गिरण्या दूरवरून आणलेल्या कोळशावर चालत. पाण्याच्या विजेला ना धूर, ना राख. त्याच गिरण्यांत घाटावरची आणि कोकणातली माणसे पोटासाठी राबली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर सातवे ध्येय, म्हणजे स्वच्छ ऊर्जा, मुळशीने कोणी सांगण्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी साधून दिले. मात्र पहिले, दुसरे आणि दहावे ध्येय, म्हणजे दारिद्र्य, भूक आणि विषमता यांचे निवारण, त्याच पाण्याखाली गेले. जमा मुंबईच्या खात्यावर पडली. नावे मावळाच्या खात्यावर लिहिले गेले.

येथे घरची एक गोष्ट सांगणे मला प्राप्त आहे. आमच्या जुन्या पेटीत खंडाच्या पावत्या आहेत. जमीन आमच्या नावावर होती. नांगर दुसऱ्याच्या हाती होता. मोबदला मिळतो तो कागदावर नाव असलेल्याला. तो आमच्या वडीलधाऱ्यांनी घेतला, त्यातून मुले पुण्यास शिकली, आणि त्या शिक्षणाच्या बळावर मी आज आपल्यापुढे उभा आहे. ज्याने ती भातखाचरे पिढ्यान्‌पिढ्या कसली, त्याचे घराणे पुढे कोठे गेले, हे त्या पेटीत लिहिलेले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद निघतील. काहींच्या घरी तर तेही निघणार नाहीत, कारण त्यांचे वाडवडील नांगर धरणारेच होते. ज्ञाती एक असली तरी हिशेबाच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती.

पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी असंख्य कुळे आपल्या जमिनीची मालक मानली गेली. मुळशीच्या पाण्याखालील कुळांना मात्र तो दिवस दिसला नाही; मालक होण्यास जमीनच उरली नव्हती.

कोणी म्हणेल, त्या गोष्टी गेल्या; आता नवा कायदा आहे. खरे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कुळांना आणि शेतमजुरांनाही पुनर्वसनाच्या दृष्टीने बाधित मानले. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती लागते. परंतु ही संमती मुख्यतः जमीन नावावर असलेल्या कुटुंबांचीच मोजली जाते. म्हणजे कसणाऱ्याला भरपाईच्या यादीत जागा मिळाली, होकार-नकाराच्या यादीत नाही. शंभर वर्षांनंतरही ते भोक पुरते बुजलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे. जागतिक ध्येये थोर आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. तथापि एखादी योजना कोणते ध्येय साधते एवढे विचारून थांबू नये. ती कोणत्या ध्येयाची किंमत देऊन साधते आणि ती किंमत ज्याच्याकडून घ्यावयाची त्याला आधी विचारले काय, हेही विचारावे. हा तालुका आता झपाट्याने बदलत आहे. हिंजवडीत कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत, डोंगरउतारावर घरे उठत आहेत, आणि जमीन विकणारे व घेणारे दोघेही या सभागृहात आहेत. पुढचा हिशेब आपल्या डोळ्यांदेखत लिहिला जात आहे.

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, पुढील वर्षी सत्कारासोबत विद्यार्थ्यांचा एक वादविवादही ठेवावा आणि त्यास मुळशीचाच विषय द्यावा. ज्यांच्या घरी खंडाच्या पावत्या आहेत त्यांच्या मुलांनी कुळाची बाजू मांडावी, आणि ज्यांचे वाडवडील कुळे होती त्यांच्या मुलांनी विजेची. आपापल्या गावच्या ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा नेमही प्रत्येक कुटुंबाने धरावा. आमच्या पेटीतील पावत्या मी त्या दिवशी घेऊन येईन. त्यांवरील नावे वाचून कोणी आपल्या पणजोबांना ओळखले, तर या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.