चोवीस चिंचोके

(भंडारा जिल्ह्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय जरा भारदस्त आहे. 'वेळेचं नियोजन, कामावरचं लक्ष आणि व्यक्तिगत यश'. संयोजक ताईंनी हा विषय मला फोनवर सांगितला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला होता आणि मुलगा गणिताची वही घेऊन शेजारी उभा होता. मी 'हो हो, येते' म्हटलं. भाजी थोडी करपली. तेव्हा या विषयावर मी अधिकारवाणीने काही बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. कॉलेजात आम्हाला नियोजन, मूल्यमापन, उद्दिष्टं हे सगळं शिकवलं होतं. इथे आल्यावर ते किती टिकलं, हेच आज सांगणार आहे.

आपल्या गटांच्या अध्यक्ष-सचिवांसाठी मागे एक प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेले प्रशिक्षक चांगले होते, मनापासून शिकवत होते. त्यांनी फळ्यावर चार खाने काढले. महत्त्वाचं आणि तातडीचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. ही चौकट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखली जाते. मग सर म्हणाले, आता आपापली कामं खान्यांत लिहा. अर्ध्या तासाने बघितलं तर सगळ्यांचा पहिला खाना गच्च भरलेला आणि बाकीचे तीन कोरे. पाणी भरणं तातडीचंच, कारण नळ तासभरच येतो. सासूचं औषध तातडीचं. बचतीचे पैसे बँकेत भरायचे तेही तातडीचं, कारण हप्ता चुकला तर गटाचं नाव खराब. सर समजावू लागले, "तातडीचं पण महत्त्वाचं नसलेलं काम दुसऱ्याकडे सोपवा." मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "कोनाकडं जी?"

सगळ्या हसल्या. सरही हसले. पण उत्तर काही मिळालं नाही. राष्ट्राध्यक्षांना हा प्रश्न कधी पडला नसावा.

तेव्हापासून मी ते चार खाने सोडले आणि चिंचोके धरले. प्रत्येकीला चोवीस चिंचोके द्यायचे, एक चिंचोका म्हणजे एक तास. जमिनीवर खडूने खाने आखायचे आणि कालच्या दिवसाचे चिंचोके त्यात मांडायचे. झोप, पाणी, स्वयंपाक, शेत, विडी, पोरं, गट, आणि स्वतःसाठी. लिहिता-वाचता यायची गरज नाही.

एका गावात विडी वळणाऱ्या ताई होत्या. विडीचं काम तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी कात्रीने मापात कापायची, मग तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हिशेब हजारावर, आणि ठेकेदाराने छाटून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आहे. त्या निधीसाठी विडीवर जो उपकर होता तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेला. पण ते वेगळं भाषण आहे. तर या ताईंनी चिंचोके मांडले आणि मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, कमी पडले न जी. आनखी द्या." मोजले. झोपेचे पाच धरून त्यांना एकतीस हवे होते. मला वाटलं काहीतरी चुकलं. चुकलं नव्हतं. चुलीवर भात असताना त्या विड्या वळत होत्या, विड्या वळताना मांडीवरच्या नातवाला झोपवत होत्या, आणि गटाची बैठक चालू असतानाही सूप मांडीवरच होतं. प्रत्येक कामाचा त्यांनी प्रामाणिकपणे वेगळा चिंचोका मागितला.

आता सांगा, या बाईला मी उत्पादकता कशी वाढवायची ते शिकवू?

सरकारही हल्ली हा हिशेब करतं. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत चाचणी म्हणून झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. मग २०१९ मध्ये देशभर झाला. घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये पुन्हा झाला. बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, आणि ती नवऱ्यांनी उचलली म्हणून नव्हे, कारण त्यांचीही नऊ कमी झाली. गॅसमुळे वाचली असतील, नळामुळे वाचली असतील. शिवाय पुरुषांची ही सरासरी फक्त काही ना काही घरकाम करणाऱ्यांची आहे. शंभरातले सत्तराहून जास्त पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत, ते या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत.

आपल्याला रविवार कसा मिळाला ते आठवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले होते आणि त्यात दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली होती. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघींनी सुट्टी मागितली आणि ती मिळालीही. पण रविवारी घरी त्यांनी काय केलं असेल? आठवड्याचे कपडे धुतले असतील. मला त्या दोघींबद्दल फार कुतूहल आहे.

इथवर मी बाहेरचं बोलले. आता माझं सांगते. ते सांगायला मला जड जातं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवार होता. माझ्या वहीत त्या दिवशीची अकरा कामं लिहिलेली होती. मला याद्या करायची फार सवय, झालेल्या कामावर रेघ मारताना बरं वाटायचं. दुपारी एक बाई आली. तिशीच्या आतली, पदर घट्ट ओढून घेतलेला. मी ओळखायला हवं होतं. ती म्हणाली, थोडं बोलायचं होतं. मला तीनपर्यंत कर्जाचे प्रस्ताव पाठवायचे होते, एका मेळाव्याला किती बायका येणार त्याची यादी द्यायची होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, "ताई, गुरुवारी ये ना. निवांत बोलू."

ती 'हो' म्हणाली आणि गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या वहीतल्या अकरापैकी दहा कामांवर रेघ होती. फार चांगला दिवस गेला असं वाटून मी घरी गेले.

गुरुवारी ती आली नाही. पुढच्या मंगळवारी मीच तिच्या गावी गेले, तेव्हा समजलं. सोमवार हा एकच दिवस तिचा नवरा बाजाराला जाई. गुरुवारी तो घरी होता. तिच्या दंडावर आणि पाठीवर मार होता. तो आता पिवळट पडत आला होता. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना जे दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. दिसायला फारसं उरलं नव्हतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आपण तोंडपाठ सांगतो, संरक्षण अधिकारी, घटनेचा अहवाल, दवाखान्याची जबाबदारी, सगळं मी प्रशिक्षणांत शिकवते. पण जखमेची नोंद वेळेवर झाली तर पुढे जोर येतो, आणि ती वेळ मी घालवली होती. ती बाई पुढे माहेरी गेली. प्रकरण लांबत राहिलं. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट 'तुम्ही आल्या म्हनून बरं झालं' म्हणाली. ते ऐकणं फार कठीण होतं.

त्या सोमवारच्या अकरा कामांपैकी आज मला दोनच आठवतात.

यानंतर मी याद्या करणं बंद केलं असं नाही, सवय जात नाही. पण वहीच्या पानावर वर एक ओळ मोकळी सोडते. ती दारात येणाऱ्या बाईसाठी. कोणी आली तर खालची कामं राहतात आणि त्याबद्दल वरच्या लोकांना फोन करून स्पष्ट सांगायचं, 'आज झालं नाही.' पहिल्यांदा सांगताना माझा आवाज कापला होता.

मग आम्ही गटांच्या ताया एकत्र बसलो. एका सचिव ताईने तिच्याकडची कामं सांगितली. गटाची नोंदवही, ग्रामसंघाची वही, बँकेचे फॉर्म, दवाखान्याच्या कार्डांच्या याद्या, चार व्हॉट्सॲप ग्रुप, आणि कोणी मोठा पाहुणा आला की बायका गोळा करणं. गावात बारावी झालेली ती एकटी, म्हणून सगळं तिच्याकडे. हिला आपण मेळाव्यात शाल देतो आणि 'यशस्वी महिला' म्हणतो. रात्री अकराला ती वह्या लिहिते. आम्ही त्या यादीतली बायका गोळा करायची कामं सरळ बंद केली. एका कार्यालयातून फोन आला, बायका कमी का आल्या? मी म्हटलं, रोवणी चालू आहे, चिखलातून कशा येतील? नाराजी झाली. ती अजून आहे. वह्या आता तिघी पाळीने लिहितात, अक्षर वेडंवाकडं येतं, बेरीज चुकते, दोनदा तपासावी लागते. चालतं.

दुसरं असं ठरवलं की तीन महिन्यांत एकच मोठं काम. आम्ही 'घर दोघांचं' धरलं, म्हणजे २००३ च्या शासन निर्णयाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावणं. दारूबंदी, रेशन, रोजगार हमी, सगळेच प्रश्न गळ्याशी आलेले असताना एकच का, यावर खूप वाद झाला. काही जणी रागावल्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण आधीच्या वर्षी आपण सात विषय धरले होते आणि एकाचाही कागद हातात आला नव्हता, हेही खरं होतं. एका गावात बहुतेक घरांवर नावं लागली. दुसऱ्या गावात संबंधित माणूस भेटायलाच तयार नव्हता, तिथे काम अडकलं आणि अजून अडकलेलं आहे. पण पहिल्या गावातल्या विडीवाल्या ताई तो उतारा पिशवीत घालून फिरतात. एकतीस चिंचोकेवाल्या, त्याच.

तिसरी गोष्ट घरातली. चिंचोक्यांचा खेळ संपला की आम्ही म्हणतो, आता तुमच्या ढिगातला एक चिंचोका उचला आणि घरातल्या कोणाला तरी द्या. नाव घेऊन द्या. एकच. पहिल्या वेळी काय झालं असेल? बहुतेकींनी तो मुलीला दिला. चौदा वर्षांची, सोळा वर्षांची मुलगी. 'कोनाकडं जी?' या प्रश्नाचं आपलं उत्तर हे निघालं. मला दरदरून घाम फुटला. एक म्हातारी आजी म्हणाली, "पोरीले नोको देऊ. पोराले दे." तेव्हापासून तोच नियम आहे. कोणाचा मुलगा पाणी भरायला लागला, कोणाचा चार दिवसांत कंटाळला. एका ताईच्या सासूने भांडण काढलं, ते मिटवायला आम्हीच गेलो. माझ्या घरचं विचाराल तर माझ्या नवऱ्याला लग्नानंतर दहा वर्षं भात लावता येत नव्हता. भंडाऱ्यासारख्या भाताच्या जिल्ह्यात! आता येतो. थोडा गिच्च होतो, पण आम्ही नावं ठेवत नाही, नाहीतर चिंचोका परत यायचा.

'स्वतःसाठी' हा खाना मात्र अजून अवघड जातो. बायका तिथे बचतगटाची बैठक मांडतात, देवपूजा मांडतात, पोरांचा अभ्यास घेणं मांडतात. एकदा एकीने तिथे एक चिंचोका ठेवला. मी विचारलं, या तासात काय कराल? म्हणाली, "नुसती बसीन." कोणीतरी हसलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटतं 'व्यक्तिगत यश' या शब्दांचा अर्थ मला त्या खोलीत थोडासा कळला, पण तो मी कागदावर कसा लिहू, अहवालात त्यासाठी रकाना नाही.

आता व्यवहाराचं. रोवणीच्या दिवसांत आपली एकही बैठक होणार नाही, हे आजच लिहून घ्या. कोणाचाही फोन आला तरी. परे उपटून, दिवसभर बांधीत वाकून आलेल्या बाईला रात्री नऊला बैठकीला बोलवायचं पाप मी पुष्कळ वर्षं केलं आहे. पोळा झाला की भेटू. अडचणीतल्या बाईसाठी मात्र दार उघडं, कोणत्याही वारी. गुरुवारपर्यंत थांबवू नका. आणि येताना घरून चिंचोके घेऊन या, माझ्याकडचे कमी पडतात.