मदत पोहोचेपर्यंत

(नागपूर येथील स्त्रियांच्या सभेतील भाषण)



महाविद्यालयांतल्या आपत्ती पथकांविषयी मी बोलावे, असे ताईंनी सुचवले. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपण विसरलेलो नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असतानाच पाणी शिरले. मूकबधिर विद्यालयातील सुमारे 40 मुलांना बचाव पथकाने सुखरूप बाहेर काढले. हाक ऐकू न येणाऱ्या मुलाला अंधारात उठवायचे तर जवळ जाऊन हलवावे लागते. तिथे भोंगा कामाचा नाही.

बचाव पथकाला यायला वेळ लागतोच. तोवर वसतिगृहात असतात ती मुलेच. म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना हे शिक्षण द्यायचे. राज्यपाल कार्यालयाच्या ‘आव्हान’ शिबिरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान त्यांना शिकवतात. आणि राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय तर 1957 मध्ये आपल्याच शहरात सुरू झाले. आपल्याला त्याचे अप्रूप नाही, एवढेच.

मी परिचारिका. माझ्याकडे प्रथमोपचार असतो. हृदय थांबले तर छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबायची. दोन मिनिटांत धडधाकट मुलगाही दमतो, मग दुसऱ्याने हात लावायचा. एकट्याचे हे काम नव्हे. दोर, टॉर्च, शिट्टी हवीच. पण मी आधी यादी मागते. कोणत्या खोलीत कोणाला फिट येते, कोणाला चालता येत नाही? यादीला पैसे लागत नाहीत, तरी तीच सहसा नसते.

आमच्या वर्गात भामरागडकडची एक मुलगी आहे. तिने विचारले, “मॅडम, पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद. मग 108 कुठून येणार?” त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही सर्पदंश घेतला. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. हातपाय स्थिर ठेवायचा, रोग्याला चालवायचे नाही आणि वाटेत वेळ न घालवता लस असलेल्या दवाखान्यात न्यायचे. खाटेला बांबू बांधून माणूस खांद्यावर कसा नेतात, ते मात्र तिनेच आम्हाला दाखवले. तिची गाठ माझ्या गाठीपेक्षा पक्की होती.

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी हाच वर्ग माडियात घेणार आहे. छाती दाबण्याच्या सरावाचा पुतळा तिला हवा आहे. आमच्याकडे तो एकच आहे, आणि त्याच आठवड्यात इथल्या दोन वसतिगृहांचे वर्ग ठरले आहेत.